वाकड्या बोटाचा फोटो

तंजावूरला कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढं सासू-सून उभ्या होत्या. सुनेच्या हातात वडामांचं, म्हणजे तांदळाच्या वाळवलेल्या पापड्यांचं, एकच पार्सल होतं.

"विनुता, आजपण एकच?"

"एकच, अम्मा."

"ते हॅशटॅग घालतेस ना, तंजावूर वडाम म्हणून?"

"रोज घालते. पण त्यावर दाबलं की आधी एक मोठी कंपनी येते. लोक तिथनंच मागवतात."

"त्यांचे वडाम आपल्यासारखे असतात?"

"माहीत नाही. फोटो मात्र आपलाच चोरलाय. तुम्ही गच्चीवर वडाम घालत होता, तेव्हा मी काढलेला."

"मी दिसते त्यात?"

"तोंड कापलंय. नुसते हात ठेवलेत. हे बघा, तुमचं वाकडं बोट."

"माझंच की. खाली काय लिहिलंय?"

"आमच्या आजीचे हात, असं लिहिलंय. काढून टाका म्हणून कळवू त्यांना?"

"अमेरिकेतनं मणीचा फोन आला, तर नातवंडं बोलतील का गं माझ्याशी?"

"त्यांना आपली भाषा येत नाही, अम्मा. ती लाजतात."

"उद्यापासनं वडाम नको घालायला. कंबर धरते."

"आणि फोटो?"

"तो असू दे. आजी तरी म्हणतंय कोणी."