बाबांचं निकाली फोल्डर

चूक बाबांची, हे आधीच सांगतो. मी कॉलेज सोडलेलं, त्यामुळे घरात अक्कल फक्त त्यांना. पण हा माणूस मेल वाचून झाली की डिलीट करायचा! हेडक्लार्कची सवय, वाचलेला कागद टेबलावर ठेवायचा नाही.

त्यांचा मेलचा जुना प्रोग्रॅम सारखा अडकायला लागला, म्हणून नवा मी निवडला. सगळ्या मेल त्यात आणल्या, जुना उडवला.

मी विचारलं, "प्रोग्रॅम बंद करताना कचरा आपोआप रिकामा होईल. चालेल?"

"उत्तम! स्वच्छता राहील."

दुसऱ्या दिवशी हाक आली. "अरे, माझं निकाली फोल्डर कुठे गेलं?"

"कसलं निकाली?"

"ते रे, डिलीट केलेल्याचं. आईच्या मेल होत्या त्यात."

आईच्या घोडबंदर रोडच्या ऑफिसात मोबाइल चालायचा नाही. मी डोंबिवलीत शाळेतून आलो की घरच्या कॉम्प्युटरवर, बाबांच्याच पत्त्यावर, माझ्यासाठी तिची मेल असायची. 'कुकर लाव, तीन शिट्ट्या. बाबांशी भांडू नकोस.' मी वैतागायचो.

"कचरा म्हणजे तेच हो, बाबा! कळलं नाही तुम्हाला?"

"मला वाटलं, जाहिराती."

आईला जाऊन चार वर्षं झाली. तिने मला लिहिलेलं आता एक अक्षरही माझ्याकडे नाही.