समोरची टीम

जळगावच्या बस स्टँडवर भुसावळच्या गाडीची वाट पाहत होतो. पुढे जाळीत बास्केटबॉल घेतलेली एक मुलगी आणि तिची आत्या उभी होती.

"प्रज्ञा, तोंड कशाला पाडलंस? फायनल खेळलीस ना?"

"हरलो ना, आत्या. धरणगावच्या पोरींनी शेवटच्या मिनिटाला बास्केट टाकली. आणि तू त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होतीस."

"वाजवल्याच. मी जिल्ह्याची चॅम्पियन आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तुझी ढाल बघतच मोठी झाले."

"ती कशी मिळाली ते ऐक. दीपनगरच्या कॉलनीत आम्ही मुली रोज खेळायचो. स्पर्धेला गेलो, तर समोर मुलींची टीमच नाही. स्पर्धा भरवणाऱ्या साहेबांनी ढाल हातात दिली, फोटो काढला आणि घरी पाठवलं."

"एकही मॅच न खेळता?"

"घामसुद्धा आला नाही. घरी येऊन रडले, तर आई म्हणाली, जिंकून कोण रडतं?"

"आज तर बोदवडसारख्या छोट्या गावाचीसुद्धा टीम होती."

"बसायला जागा नव्हती गं. बायका उभ्या राहून बघत होत्या."

"धरणगावची ती मेघा कसली उडी मारते, आत्या. मला तिला अडवताच येईना."

"मग परत खेळ तिच्याशी."

"रविवारी बोलावू दीपनगरला? नंबर घेतलाय मी तिचा."

"लाव फोन. आणि सांग, माझ्या वयाची कोणी खेळणारी असेल तर तिलाही घेऊन ये. मला एक मॅच खेळायची आहे."