बिबट्याला पाणी कोणी दिलं?

झोप? कसली झोप घेऊन बसलात! ज्या घराच्या गॅलरीत बिबट्या तहानलेला लटकतोय त्या घरात झोप लागते होय कुणाला? नवऱ्याला लागते. त्याचं सोडा, त्याला भूकंपातही लागेल. मी मात्र टक्क जागी, छताकडे बघत, आणि डोक्यात एकच भुंगा... त्याची मुळं वर का? अहो, मुळं वर! मुळांनी कसं, खाली जावं. शाळेत शिकलोय आपण, चित्र काढलंय, नावं दिलीत, मार्क मिळालेत त्याचे! आणि ह्याची मुळं आकाशाकडे टोकं करून उभी, साळिंदराला कुणीतरी मागून ‘भॉ’ केल्यासारखी!

थांबा, घाबरू नका. बिबट्या म्हणजे खराखुरा नाही. ऑर्किड आहे ते. आफ्रिकेतलं, रानातलं, झाडांच्या फांद्यांवर राहणारं. पिवळ्या फुलांवर तपकिरी ठिपके येतात म्हणून बिबट्या. येतात म्हणजे, येतात असं म्हणतात. आमच्याकडे आला तेव्हा ना फूल ना ठिपका. एक हातभर लांबीचा जाड ओंडका, त्यावर उसासारख्या पाच-सहा कांड्या, चार पानं आणि तो साळिंदराचा पसारा. ओंडका दोन तारांनी टांगायचा. झालं झाड!

हे आणलं कुणी? आमच्या नणंदबाईंनी. नवऱ्याची मोठी बहीण, आमच्या ताई. वनस्पतींवर संशोधन करतात, लग्न केलं नाही, वेळच मिळाला नाही म्हणतात. तिकडच्या एका रस्त्यासाठी मोठं झाड तोडलं, त्याच्या फांदीवर हा होता. रीतसर परवानग्या काढून ताईंनी फांदीसकट उचलून आणला आणि इतकी वर्षं सांभाळला. तो काही फुलला नाही. आणि फुलल्याशिवाय ठिपके कसे आहेत ते कळणार नाही, आणि त्या झाडावरचा हा एवढा एकच उरलाय. एकच, बरं का! आता ताई निघाल्या पुन्हा रानात, थेट वसंतात यायच्या, आणि जगात एवढी माणसं असताना तो ओंडका त्यांनी दिला कुणाच्या हातात? माझ्या!

अहो, मी कोण? मी ती बाई, जी मुलीला शाळेत सोडून कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येऊन फाटकातून बघते की ही वर्गात नीट पोचली का! मुलीला शिंक आली तर औषधांचं पुस्तक मी काढते, दोन शिंका आल्या तर डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणतात, “बसा. तुम्हालाच तपासतो.” आमची भिंगरी सहा वर्षांची आहे, ठणठणीत आहे, हे मला कळतं. शिकलेली आहे मी. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं, नाही का?

तर ताई ओंडका टांगत मला सांगतायत, “हे बघ, थंडी सुरू झाली की पाणी बंद. थेंबसुद्धा नको. पानं गळतील, गळू दे. कांड्या सुरकुततील, सुरकुतू दे. रानात त्याला ह्या दिवसांत पाणी मिळतच नाही. त्याशिवाय तो फुलायचा नाही, आणि आता ओला राहिला तर कुजेल. उजेड भरपूर, वारा भरपूर. बाकी तू त्याला विसर.”

विसर! मला! विसर म्हणाल्या!

मी म्हटलं, “ताई, अगदीच विसरू की अधूनमधून आठवू?” तर हसल्या. टॅक्सीत बसल्या आणि गेल्या. मागे राहिलो मी, ओंडका, आणि तो शब्द.

थंडी पडली, पाणी बंद केलं. पहिलं पान पिवळं पडलं. मी स्वतःला समजावलं, गळू दे म्हणाल्यात. दुसरं पडलं. गळू दे. तिसरं पडलं त्या दिवशी मी फोडणी करपवली. सासूबाई आल्या, पदराने नाक दाबून गॅलरीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगं, ह्याचं तोंड बघ कसं सुकलंय!” मी म्हटलं, “आई, त्याला तोंड नाही.” तर म्हणे, “म्हणून काय पाणी तोडायचं? बोलता येत नाही बिचाऱ्याला!” मी त्यांना ताईंचं सगळं सांगितलं. तर सासूबाईंनी मान हलवली. “ती लहानपणापासून तशीच. स्वतःला तहान लागली तरी पुस्तकातून डोकं वर काढायची नाही. तिला काय कळायची दुसऱ्याची तहान!” पोटची पोर हो, पोटची!

आणि मग ती मुळं. आधी पानांत निम्मी झाकलेली होती, पानं गेली तशी सगळी उघडी पडली. पांढरी, टोकदार, वर! मी नवऱ्याला हलवून उठवलं. म्हटलं, “अहो, मुळं वर का?” तो म्हणाला, “असतील.” आणि घोरायला लागला. असतील! पण सकाळी चहा पिता पिता गॅलरीत गेला आणि बराच वेळ बघत राहिला. आता आमचा नवरा लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्यामुळे वर काय आणि खाली काय, हे आपल्याइतकं जगात कुणाला कळत नाही असा त्याचा पक्का समज. तो कप ठेवून म्हणाला, “साधी गोष्ट आहे. ताईने उलटा टांगलाय.”

“ताईंनी? अहो, त्यांचा जन्म गेला ह्यात!”

“जन्म गेलेलेच चुकतात. टॅक्सी खाली थांबली होती, घाईत होती ती. मुळं वर, ह्याचा अर्थ काय? वरचं खाली आहे. सरळ हिशेब!”

आता इथे मी ‘थांबा’ म्हणायला नको होतं का? पण मला काय झालं, तुम्हाला सांगते, रात्रभर जो प्रश्न छळतोय त्याचं उत्तर कुणी ठणकावून दिलं ना, की मग ते बरोबर आहे का चूक हे बघायचं त्राणच राहत नाही. मी स्टूल धरलं. नवऱ्याने तारा सोडल्या, ओंडका फिरवला, पुन्हा टांगला. आता ओंडका वर आणि त्याच्या पोटाखाली बिबट्या, वटवाघळासारखा! मुळं खाली, चित्रातल्यासारखी. फक्त कांड्यासुद्धा खाली. मी म्हटलं, “अहो, कांड्या वर नकोत का?” तो म्हणाला, “सगळंच कसं मिळेल?” आणि कामावर गेला.

त्या गडबडीत भिंगरी स्वेटर न घालताच शाळेत गेली. मला चक्क संध्याकाळी कळलं! तर काही झालं का तिला? काही नाही. शिंकलीसुद्धा नाही.

आणि ताईंना फोन लागत असता तर विचारलं नसतं का? पण त्या रानात! चुकून कधी लागलाच तर खरखर, आणि खरखरीच्या पलीकडून, “कसा आहे?” मी म्हणायची, “बरा आहे.” आणि त्या म्हणायच्या, “छान. विसर.” आणि फोन बंद!

मग सुरू झाल्या खालच्या काकू. आमच्या घराच्या बरोबर खाली राहतात, कपडे दिवसातून दोनदा वाळत घालतात, वाळलेलेही पुन्हा घालत असतील. एक दिवस दारात उभ्या. हातात ओली चादर.

“तुमच्या गॅलरीतून पाणी पडतं.”

मी म्हटलं, “काकू, शक्यच नाही. आमच्याकडे पाणी बंद आहे. थेंबसुद्धा नाही!”

“मग माझी चादर काय रडली?”

मी शपथेवर सांगितलं, आमच्या घरात त्या झाडाला कुणी पाणी घालत नाही. शपथेवर! आणि दार लावून तिथेच उभी राहिले, कारण... आता तुमच्यापासून काय लपवायचं... मी घालत होते. अहो, पाणी नाही हो! थेंब! भिंगरीच्या खोकल्याच्या औषधाचा ड्रॉपर असतो ना, त्याने चार थेंब. सगळे बाहेर गेले की. दिवसाआड. बरं, रोज. पण चार थेंबांनी चादर भिजते? तुम्हीच सांगा, भिजते?

म्हणजे घरात आणखी कुणीतरी होतं! आता माझी झोप दोन्हीकडून गेली. बिबट्या सुकतोय म्हणून एक, आणि बिबट्या कुजतोय म्हणून दुसरी. मी सासूबाईंवर पाळत ठेवली. सासूबाई माझ्यावर. मी गॅलरीत गेले की त्या मागून, “काय करतेस गं?” “काही नाही आई, वारा घेतेय.” त्या गेल्या की मी, “आई, काय हवंय?” “काही नको, ऊन बघतेय.” एवढा वारा आणि एवढं ऊन आमच्या घराण्यात आजवर कुणी घेतलं नसेल! नवरा तर रोज जेवणानंतर पाण्याचा पेला घेऊन गॅलरीत उभा. म्हणे चांदणं बघतो. ह्या माणसाने लग्न ठरलं तेव्हासुद्धा माझ्याबरोबर चांदणं बघितलं नव्हतं! आणि काकू दर चार दिवसांनी दारात. कधी चादर, कधी उशीचा अभ्रा. आणि मी आपली, “शक्यच नाही, काकू!”

आणि ह्या सगळ्यात ताईंचा तो शब्द कानात. विसर! अहो, कुणाकुणाला विसरू? झाडाला, सासूला, नवऱ्याला, काकूंच्या चादरीला? डब्यात भिंगरीने भाजी टाकली का संपवली, ते बघायचं मात्र विसरत गेले. महिनाभर! लेकीची भाजी विसरले आणि ओंडका आठवत बसले, आई म्हणायचं का मला?

मग कांड्या सुरकुतल्या. अशा सुरकुतल्या की मी त्यांच्याकडे बघणं सोडलं. गॅलरीचं दार लावून घेतलं, पुढे कित्येक दिवस कुणालाच तिकडे फिरकू दिलं नाही, आणि मनात वाक्यं रचायला लागले. “ताई, तो शांतपणे गेला.” नको. “ताई, आम्ही खूप प्रयत्न केले.” डॉक्टर म्हणतात तसं वाटतं. शेवटी ठरवलं, पायाच पडायचं. एका झाडावरचा एकटा उरलेला जीव, रस्ता झाला, गाड्या धावल्या, त्यातून तो वाचला, आणि माझ्या घरात येऊन मेला. हे कुठल्या वाक्यात बसवणार हो?

आणि ताई आल्या. न कळवता! दारात बॅग टाकली, पाणीसुद्धा न मागता सरळ गॅलरीकडे. मी मागे, “ताई, ऐका ना... आधी चहा तरी...” सासूबाई त्यांच्या मागे, नवरा सगळ्यांच्या मागे, भिंतीला धरून. ताईंनी दार उघडलं.

आम्ही तिघं मागून माना उंचावून डोकावलो.

ओंडक्याच्या पोटाखालून, त्या मेलेल्या कांडीच्या टोकातून, एक देठ निघाला होता. खाली जाऊन, वळून, पुन्हा वर. त्याच्यावर कळ्याच कळ्या, आणि एक उमललेली. पिवळी. ताई वाकल्या. चष्मा कपाळावर सारला, जवळ गेल्या, आणि इतक्या हळू म्हणाल्या की जेमतेम ऐकू आलं, “ठिपके आहेत गं.” मी आयुष्यात पहिल्यांदा ताईंना नाक पुसताना बघितलं. मी तर ढसाढसा रडले, मला काय, मला निमित्तच लागतं!

मग त्या सरळ झाल्या. चष्मा खाली आला. “हा उलटा कुणी टांगला?”

नवरा छताचं निरीक्षण करायला लागला.

“अरे, ह्याची मुळं वरच असतात! वरून पडणारा पाचोळा त्यांत अडकतो, तेच ह्याचं जेवण!”

मी म्हटलं, “ताई, हे आधी नाही का सांगायचं?” तर म्हणतात, “दिसत होतं की!” दिसत होतं! तेच तर दिसत होतं!

“आणि पाणी? पाणी कुणी दिलं?”

मी ड्रॉपर कबूल केला. सासूबाईंनी तांब्या कबूल केला, “एकच गं, सकाळचा.” रोज सकाळचा! नवऱ्याने पेला. ताईंनी एकेकाकडे बघितलं, मग ओंडक्याकडे, आणि मटकन खाली बसून हसत सुटल्या. “अरे, तुम्ही सगळे वरून ओतत होतात, आणि वर होता ओंडका! ह्याच्या डोक्यावर छत्री धरून पाणी घालत होतात तुम्ही! सगळं गेलं दोन्ही बाजूंनी खाली. हा कोरडाच्या कोरडा!”

म्हणजे कळलं का तुम्हाला? नवऱ्याने चूक केली नसती तर आमच्या तिघांच्या मायेनं तो कुजून मेला असता! आता हा माणूस जन्मभर म्हणणार, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” म्हणालाच! तिथल्या तिथे म्हणाला! आणि काकूंना मी काय तोंड दाखवू, शपथा घेतल्यात मी!

ताईंनी ओंडका उतरवला, दोन्ही हातांनी धरला, तान्ह्या बाळासारखा. मी पदर खोचून, म्हणजे मनातल्या मनात, ड्रेसवर होते मी, जाहीर केलं, “ताई, न्या बाई एकदाचा! सुटले! आता ह्या घरात काळजी करायला काही म्हणजे काही उरलं नाही!”

भिंगरी दारात उभी होती. तिने ओंडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत्याचा कुर्ता हळूच ओढला.

“आत्या, हे नेतेस तर दुसरं काहीतरी ठेवून जा ना गं. घरात काही नसलं की आई माझ्याकडेच बघत बसते.”