हाल आला, पण उतरेना

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न विचारते. उत्तर लगेच देऊ नका, लगेच आलेलं उत्तर बहुतेक पाठ केलेलं असतं. देव एखाद्याच्या काळजाला शिवला, तर ते शेजारी बसलेल्याला कळायलाच हवं का? पुढच्या रांगेतले काका मान हलवतायत. हो म्हणताय काका, की नाही? दोन्ही? चांगलंय! तुम्ही निवडणुकीला उभे राहा.

काही जणी मनात म्हणत असतील, ताईंनी देवळात दर्ग्याची गोष्ट काय काढली! त्यांनी जरा आमच्या वामनरावांच्या पुढ्यात बघावं. ही पेटी! ही कुठली? सातासमुद्रापलीकडची. बोटीतून उतरली, चर्चमध्ये बसली, तमाशाच्या फडात बसली, कव्वालाच्या मांडीपुढं बसली, आणि आता आपल्या देवळात बसलीये. तिला कुणी विचारलं का, बाई, काल कुणाकडे होतीस? नाही ना? मग मलाही विचारू नका!

तर सुफी फकीर. यांच्या गाण्याला सुरुवातीला काय होतं? काही नव्हतं! चार फकीर, एखादा डफ, बाकी टाळ्या. आणि त्यावरही भांडण! विद्वान म्हणाले, देवाच्या दारात गाणं चालणार नाही. फकीर म्हणाले, मग आम्ही गात नाही, ऐकतो! म्हणून त्या मैफलीचं जुनं नाव काय? समा. म्हणजे ऐकणं. बघा बरं — गाण्याचा एवढा मोठा कारभार, आणि नाव ऐकणाऱ्याच्या कामाचं! अटी तीनच. वेळ बरी हवी, जागा बरी हवी, आणि शेजारी बसलेला माणूस बरा हवा. पहिल्या दोन जमतात हो. तिसरीला सगळं अडतं!

मग ते गाणं पायी पायी आपल्या दख्खनेत आलं. इथं फारसी कोण समजणार? पण घरोघरी जातं चालू होतं. फकिरांनी काय केलं? त्या जात्यावरच्या गाण्यात देवाचं नाव मिसळलं! बाई दळते आहे, तोंडात अल्ला आहे, शेजारणीच्या तोंडात विठ्ठल आहे, आणि पीठ? पीठ सारखंच! पुढं दरबार आले, सारंगी आली, पेटी आली, भोंगे आले, कॅसेटी आल्या. आणि आता शहरात तिकीट लावून होतं, रंगीत दिवे, खालून धूर सोडतात. पूर्वी धूर निघायचा तो ऐकणाऱ्याच्या काळजातून!

असो. वामनराव, सूर धरा.

मराठवाड्यात हिवरसावळी नावाचं गाव. तिथं शहा नूरबाबांचा दर्गा. वैशाखात उरूस, आणि उरसात भरदुपारी कव्वालीची मैफल. कव्वाल कोण? अमीनमियाँ. घराण्यात पिढ्यानपिढ्या गाणं. आवाज थोडा बसलेला, पण बसलेल्या आवाजात माया फार.

त्या दिवशी मैफल सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडे हलीमाबी मणेरीण आली. साऱ्या गावाला बांगड्या भरणारी बाई! पाटलाची सून असो की मोमीनाची, हात हलीमाबीच्याच हातात. पण आता डोळे गेले होते. बांगडीऐवजी चिमटा बसू लागला. म्हणून लेक तिला सुरतेला न्यायला आली होती. त्याच संध्याकाळच्या एसटीनं निघायचं. परत येणं? या वयात कोण परत येतं!

हलीमाबी म्हणाली, "अमीनभाई, मेरे माँ का गाना आज सुनाता नं रे?"

तिची आई जात्यावर एक गाणं म्हणायची. अमीनमियाँच्या आजोबांनी ते ऐकलं आणि मैफलीत घेतलं. तेव्हापासून मैफलीचा शेवट त्याच गाण्यानं. आई जाऊन जमाना झाला. हलीमाबीला चाल आठवायची, बोल निसटले होते. वर्षातून एकदा इथंच तिला आई भेटायची!

"सुनाता अम्मा," अमीनमियाँ म्हणाला. "तू नक्को फिकर कर. असरच्या अजानीआधी, उन्हं उतरायच्या आत, नेहमीसारखं."

बसली बाई खांबाला टेकून.

आता मैफलीची एक रीत सांगते, कारण सगळी भानगड तिथंच आहे! ऐकता ऐकता एखाद्याला देहभान उरत नाही. त्याला म्हणतात हाल येणं. तो उठतो, डोलतो, रडतो. मग रीत अशी, की त्याच्या मानाला सगळ्यांनी उठून उभं राहायचं. आणि कव्वालानं ज्या ओळीवर हाल आला तीच ओळ म्हणत राहायची. सोडायची नाही! मध्येच सोडली तर त्या माणसाचा जीव जाईल, असा विश्वास. हाल उतरला, तो बसला, की मंडळी बसली, गाणं पुढं. किती सुंदर रीत! एकाच्या काळजासाठी साऱ्या गावानं उभं राहायचं.

पण मंडळी, रीत सुंदर असली की तिला गिऱ्हाईक येतंच!

त्या साली बाजार समितीची निवडणूक होती. एका बाजूला हाजी करीमसेठ बागवान, आंब्याचे व्यापारी. दुसऱ्या बाजूला केरबाअण्णा भोसीकर, कांद्याचे. दोघं पुढच्या गादीवर. अमीनमियाँनं दुसरंच गाणं उचललं —

"बैठ गई मैं तेरे अंगना, अब ना उठूँगी पिया..."

गाणारा बाप्या, मिशा एवढ्या, आणि म्हणतो मी नवरी! देवापुढं सगळ्याच नवऱ्या हो, त्यात लाज कसली. पण ओळ कानावर पडली मात्र, करीमसेठनं मनगटावरचं घड्याळ काढलं, भाच्याकडे दिलं, टोपी नीट बसवली — आणि त्यांना हाल आला! ऐकलंत का? आधी घड्याळ काढलं, मग हाल आला! देवानं कळवून यायची ही पहिलीच वेळ!

झालं. सारी मैफल उभी. बायाबापे, म्हातारे, सगळे. "वा, सेठ वा!" केरबाअण्णा बघतायत. सगळी मतं उभी राहिली की याच्या मानाला! मग अण्णा थांबतात होय? उठले! पण अण्णांनी हाल कधी पाहिलेला नव्हता. त्यांना माहीत होतं ते देवीचं येणं. केस मोकळे सोडल्यासारखी मान घुमवायला लागले, "हुंऽऽ हुंऽऽ!"

त्यांची बायको अनसूयाबाई पदराआडून कुजबुजली, "अहो! ते आपल्या यल्लम्माचं झालं! इथं हळू डोलतात, रडतात!"

अण्णांनी वळण घेतलं. रडायला लागले!

आता दोघांना हाल. उतरणार कुणाचा आधी? ज्याचा आधी उतरला त्याची भक्ती तोकडी! सेठ काखेतून अण्णांकडे बघतायत, अण्णा रुमालाआडून सेठकडे. वरती वैशाखाचं ऊन. मांडवाचं कापड विरलेलं. मागं लंगरच्या भाताची वाफ विरत चाललेली. आणि साऱ्या गावाला उभं करून अमीनमियाँ म्हणतोय काय? "बैठ गई मैं!" पुन्हा — "बैठ गई मैं!" बसलेलं एक माणूस दिसत नाही हो तिथं! आणि ओळ सोडायची सोय नाही. खोटा हाल आहे हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं. पण खोटा म्हणून सोडावी आणि चुकून खरा निघाला तर? प्रामाणिक माणसाची हीच पंचाईत.

हलीमाबी काठीवर उभी. काठी या हातातून त्या हातात घेतीये. लेक म्हणाली, "अम्मा, चल. गाडी चुकली तर रात इथंच काढावी लागंल."

"जरा ठहर गे. आएगा गाना."

कुठून येणार? पुढं दोन डोंगर उभे!

अमीनमियाँनं तिच्याकडे पाहिलं. घसा फाटत आलेला. ओळ सोडता येत नव्हती, पण कव्वालांची आणखी एक रीत असते — गाठ मारायची. म्हणजे एका ओळीच्या पोटात दुसऱ्या गाण्याचे बोल घालायचे आणि फिरून त्याच ओळीवर यायचं. त्यानं तबल्याला खूण केली. ठेका मंदावला. जात्याचा झाला — घरर्, घरर्... आणि त्यानं गाठ मारली —

"दाना हमारा, आटा तुम्हारा,
फिराता सो हात किस का गे माय..."

हलीमाबी खाली बसली!

हाल चालू असताना बसणं म्हणजे केवढी बेअदबी! दर्ग्याची देखभाल करणारे म्हातारे मुजावर दादामियाँ लगबगीनं आले. "अम्मा, उठो, लोगां को हाल आया है—" आणि तिला उठवायला वाकले. हलीमाबीचे डोळे मिटलेले. उजव्या हाताची मूठ वळलेली, जणू खुंटा धरलाय. ती मूठ जमिनीवर गोल फिरत होती. डावा हात मधूनच पुढं येऊन घास टाकत होता. डोळ्यांत पाणी नाही, तोंडात शब्द नाही. आवाज नाही!

दादामियाँनी तिच्याकडे पाहिलं. आणि ते खाली बसले.

का? ज्याला हाल आला त्याच्या मानाला त्याच्यासारखं व्हायचं, ही रीत! ही बसली, म्हणून ते बसले. मग त्यांच्या शेजारचे बसले. मग रांगच्या रांग. कुणी सांगितलं नाही. अनसूयाबाई नवऱ्याला ओलांडून पुढं आली, हलीमाबीच्या समोर मांडी घातली, आणि जात्याच्या त्या नसलेल्या खुंट्यावर आपला हात ठेवला. दोघी दळू लागल्या.

अमीनमियाँ आता ती जात्याचीच ओळ गात होता. पुन्हा पुन्हा. घसा कुठं गेला होता कोण जाणे, आवाज मोकळा झाला होता.

आणि इकडं? सेठनी अर्धा डोळा उघडला. उभा माणूस दिसेना! डोलता डोलताच विचारलं, "अण्णा, लोक कुठं गेले?"

"खाली बसलेत, सेठ."

"मग आपण?"

"तुम्ही बसा आधी. तुम्हाला आधी आला होता."

"वा! नंतर आलेल्यानं आधी उतरायचं असतं!"

शेवटी दोघं एकमेकांचा हात धरून, एकाच वेळी, बसले. त्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

हलीमाबीची मूठ हळू झाली. थांबली. तेव्हाच अमीनमियाँ थांबला. बाईनं न दिसणाऱ्या डोळ्यांनी समोर पाहिलं. विचारलं, "कितना हुआ गे?"

अनसूयाबाई म्हणाली, "सूप भरलं, मावशी. आता ऊठ, गाडीला उशीर होतोय."

गेली बाई. गाडी मिळाली तिला. आणि दुसऱ्या दिवशी गावात दोन पत्रकं वाटली गेली. एकात लिहिलेलं, "प्रथम हाल आमच्या सेठना." दुसऱ्यात, "सर्वाधिक वेळ हाल आमच्या अण्णांना." लोकांनी त्यांत भजी बांधली.

हसताय! हसा. पण मंडळी, आपलं काय? पुढच्या गादीसाठी आज संध्याकाळपासून रुमाल टाकून ठेवलेत, मी पाहिलेत. अभंगाच्या पहिल्या सुराला डोळे मिटतात, आणि फोन समोर आला की नीट मिटतात! कुणी टाळी देतं ती पांडुरंगाला, की शेजारणीला? मी इथं उभी राहून डोळे पुसते, तेव्हा मीही आधी बघते का कुणी बघतंय? विचारा मला. मी विचारते स्वतःला, रोज.

आता गजर करू. नेहमी मी म्हणते, मोठ्यानं म्हणा, छप्पर उडू दे! आज तसं म्हणत नाही. टाळ खाली ठेवा. वामनराव, पेटी राहू दे. आज नाव इतकं हळू घ्या, इतकं हळू घ्या, की शेजारी बसलेल्याला कळूच नये, तुम्ही घेतलंत की नाही.