तोफेच्या कानावरचा अंगठा

मर्ल: ...आणि तोवर नळीच्या तोंडासमोर कोणी जायचं नाही. दोन बारांमध्ये दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. इथं तोफेचा जमादार मी आहे, मास्तर. तुमचा विद्यार्थी नाही.

व्हर्नन: विद्यार्थीही होतास, मर्ल. भौतिकशास्त्राला लागोपाठ दोन वर्षं.

मर्ल: म्हणून तर विषय पक्का झालाय! दुसरा बार कसला झकास गेला, पाहिलंत? मंचावरच्या महापौरबाई खुर्चीसकट उडाल्या. आता ते दीडशे वर्षांपूर्वीच्या लढाईत इथल्या तोफखान्यातल्या मेलेल्यांची नावं वाचतील, फलकावरचा पडदा काढतील, मग आपला तिसरा बार. तो संपला की सुट्टी, आणि सॉसेज.

लोरेना: सर, तिसऱ्या बाराला कानावर दुसऱ्या कुणाला तरी घ्या.

व्हर्नन: कारण?

लोरेना: मघाशी तुम्ही नळीत ओला बोळा फिरवत होतात ना, तेव्हा मी अंगठा उचलला.

मर्ल: काय केलंस?

लोरेना: तोफेच्या कानावरचा अंगठा. उचलला मी.

मर्ल: लोरेना फिस्टर! सरावाच्या पहिल्या दिवशी घसा फोडून काय सांगितलं होतं? आधीच्या बाराचा निखारा नळीत दडून बसतो. कान, म्हणजे बत्ती द्यायचं ते मागचं भोक, उघडा राहिला की निखाऱ्याला वारा लागतो. वर ताजी दारू गेली की बोळ्याचा दांडा धरणाऱ्याचे हात कोपरापासून जातात! गोलंदाजांचा जुना कायदाच आहे, तीन नंबरानं, म्हणजे कानावरच्यानं, अंगठा उचलला तर एक नंबरानं, म्हणजे दांडेवाल्यानं, त्याच्या डोक्यात दांडा घालावा. मास्तर, घाला एक. मंजूर आहे.

व्हर्नन: पुराव्याशिवाय शिक्षा नको. लोरेना, तू अंगठा उचलला नव्हतास.

लोरेना: सर, मी—

व्हर्नन: बोळा बाहेर येताना बूच उडाल्यासारखा फट् आवाज झाला. नळी मागून बंद असेल तरच तो होतो. कान उघडा असता तर हवा आत आली असती, आवाज झाला नसता. मी ऐकला. मर्ल, तू?

मर्ल: ऐकला. चांगला खणखणीत.

व्हर्नन: म्हणजे कान बंद होता. अंगठा उचलल्याचा तुला भास झाला. भीतीत असं होतं.

लोरेना: हात मी पोटाशी धरला होता, सर. त्याच्याकडे बघत उभी होते. तुम्ही बोळा आत घातलात, दोनदा फिरवलात, बाहेर काढलात. तेवढा सगळा वेळ.

व्हर्नन: उचललास का?

लोरेना: चटका बसला. चामड्याच्या अंगुस्तानातून थेट. तव्यावर बोट टेकल्यासारखा.

मर्ल: एका बारानं? अगं, एका बारानं कान कोमटसुद्धा होत नाही. त्यातून हा मार्चमधला वारा! हे घे, आता दोन झालेत, लाव हात.

लोरेना: गार आहे. माहितेय मला.

व्हर्नन: लढाईच्या दिवशी दुपारपर्यंत इथल्या प्रत्येक तोफेनं शंभरावर बार काढले होते. तेव्हा कान तापत असेल. आज नाही.

मर्ल: आणि ही तर ओतून अकरा वर्षं झाली नाहीत, मास्तर! नवी कोरी नक्कल. हिला भूत लागायला सवड तरी कुठं मिळाली?

व्हर्नन: भूत हा शब्द तू काढलास. मी नाही, तिनंही नाही.

लोरेना: तोफ नवी आहे. चाकं मात्र जुन्या तोफेच्या खुणेच्या त्याच दगडांमध्ये उभी आहेत ना?

व्हर्नन: हो. दगडांच्या जागा मीच मोजल्यात. सहा वर्षं लागली.

लोरेना: मग ऐका. चटका बसला, मी हात ओढला. लगेच लक्षात आलं की तुमचे हात दांड्यावर आहेत. मी अंगठा परत ठेवायला गेले. आणि जागा नव्हती.

व्हर्नन: जागा नव्हती म्हणजे?

लोरेना: कुणीतरी आधीच अंगठा ठेवलेला असतो ना, तसं.

मर्ल: ...हे बघ, पोरी, सकाळपासून तू काही खाल्लेलं नाहीस.

व्हर्नन: थांब, मर्ल. यातलं तपासता येण्याजोगं तेवढं तपासू. कान आतून तुंबला असेल, तर अंगठ्याशिवायही फट् होईल. किती मिनिटं झाली?

मर्ल: नऊ. आणखी एक थांबा. ...हं. झाली दहा. सळई घालतो कानात. सळसळीत आरपार जातेय. कान मोकळा आहे.

व्हर्नन: आता बोळा. लोरेना, हात मागे घे. कानावर कुणीच नको. मर्ल, तू आवाज ऐक.

(बोळा आत जातो, बाहेर येतो. आवाज होत नाही.)

मर्ल: नाही झाला.

व्हर्नन: पुन्हा एकदा. ...नाही. म्हणजे उघड्या कानानं आवाज होत नाही. मघाशी झाला. याचा अर्थ मघाशी कान बंद होता.

लोरेना: कुणाच्या अंगठ्यानं?

व्हर्नन: एकदाच घडलेल्या गोष्टीवरून निष्कर्ष काढत नाहीत.

लोरेना: इथं अंगठा दोनदा उचलला गेलाय, सर. पहिल्यांदा नील्सच्या वेळी. तुम्हाला सांगायचं होतं मी, कधीपासून. तुमच्या पणजोबांचा भाऊ नील्स शत्रूच्या गोळ्यानं मेला नाही. तो इथं बोळा फिरवत होता, आणि कानावर आमचा ऑगस्ट होता. माझा खापरपणजा. त्यानं अंगठा उचलला. आमच्या घरी आजही जेवणाआधी प्रार्थना म्हणताना उजवा अंगठा मुठीत मिटून धरतात. मला वाटायचं, सगळ्या घरांत असंच करत असतील. तोफेवर शिकायला आले तेव्हा कळलं, आम्ही काय धरून ठेवतोय ते.

मर्ल: देवा रे.

व्हर्नन: मला ठाऊक होतं.

लोरेना: काय?

व्हर्नन: शस्त्रवैद्याची नोंद पाहिली आहे मी. दोन्ही बाहू भाजलेले, जखमेत लोखंड नाही. शत्रूचा गोळा असा मारत नाही. फलकावर काय कोरलंय ते आता दिसेलच. 'इथे पडला.' कुणामुळे, ते मी लिहू दिलं नाही.

लोरेना: आणि तरी तुम्ही मला कानावर उभं केलंत?

व्हर्नन: या जागेची किंमत ज्या घराला ठाऊक आहे, त्या घरातलं माणूस कधी अंगठा उचलणार नाही, असा माझा हिशेब होता. तो चुकला, हे मान्य.

मर्ल: मास्तर, मी त्या दुसऱ्या तोफेवरच्या पोराला बोलावतो. किंवा बारच नको. पाऊस येतोय म्हणून सांगतो मंचावर.

व्हर्नन: आकाश निरभ्र आहे.

मर्ल: अहो, हात तुमचे आहेत!

व्हर्नन: म्हणूनच ठरवायचं मी. नील्सचं नाव शेवटचं आहे, ते वाचून झालं की बार हवा. लोरेना, तुला नको असेल तर आत्ता सांग. तुझ्यावर राग राहणार नाही. दीडशे वर्षांचाही नाही.

लोरेना: पुन्हा चटका बसला तर?

व्हर्नन: तर बसेल. फोड येईल, आठ दिवसांत जाईल. माझे हात परत येणार नाहीत. ही साधी तुलना आहे. करशील?

लोरेना: करते.

मर्ल: नाव वाचलं! पडदा ओढतायत. आपापल्या जागी! कान बंद!

व्हर्नन: मी वाकलो की मला तू दिसत नाहीस. म्हणून विचारतो. अंगठा आहे?

लोरेना: आहे, सर.

व्हर्नन: गरम?

लोरेना: खूप.

व्हर्नन: घट्ट बसलाय? मधे फट नाही?

लोरेना: फट नाही. पण... सर, माझा वरचा आहे.

मर्ल: वरचा म्हणजे? वरचा म्हणजे काय, लोरेना? मास्तर, थांबा!

व्हर्नन: ठीक आहे. बोळा आत घालतोय. कानावरचे दोघंही हलू नका.