बिनआंघोळीचा अध्यक्ष

हसा, हसा! हसून घ्या एकदाचं! खांद्यावर घागर घेतलेला आडत्या कवा बघितला न्हाई न्हवं? बघा मंग! ही शरणम्मा तर रोज हसती, तिला सवय झाली, पण तुमी आज नव्यानं टँकरच्या नंबरात आलात म्हणून तुमाला सांगतो, मी महादेवप्पा, डाळीचा व्यापारी, गंजबाजारात माझं दुकान हाय, घरात बायको हाय, आई हाय, अन् वर मी जिल्हा स्त्री-पुरुष समानता समितीचा अध्यक्ष हाय! आता अध्यक्षानं टँकरपाशी उभं राहायचं व्हय? पण काय करता... आमच्यात बरोबरी हाय!

सगळा घोळ ह्या जिल्ह्यानं केला बघा. उस्मानाबाद जिल्ह्यात होतो तवर बरं होतं, कुणी इचारत नव्हतं. लातूर जिल्हा झाला, म्हणलं आता पाणी येईल. पाणी कुठलं! पाऊस गेला, आड आटले, बोअर फुसफुस करून राहिले, आल्या त्या कमिट्या! हिची कमिटी, तिची कमिटी. ह्या कमिट्या काढत फिरणारा आमचा गुरुबसप्पा एक दिवस दुकानात आला, बूड टेकायच्या आधीच म्हणतो, "महादेवप्पा, महिलांच्या बरोबरीची समिती काढून राहिलो, तुमी अध्यक्ष व्हा." म्हणलं, महिलांच्या समितीला मी कशाला, बाई बघ की एखादी! तर म्हणतो, "बायकांना टाइम कुठं असतो हो?" आता हे बी खरंच की! झालो अध्यक्ष.

अन् मला काय अवघड होतं सांगा! तुमी बाकीचे आत्ता आत्ता बरोबरी शिकून राहिले. आम्ही लिंगायत! आमच्यात बसवण्णांच्या काळापासून बाईच्या गळ्यात लिंग, बाप्याच्या गळ्यात लिंग, दोघांची पूजा सारखी, दोघांना नेम सारखा. आंघोळ केल्याबिगर पूजा न्हाई अन् पूजा केल्याबिगर तोंडात पाण्याचा घोट न्हाई. बाप्या असो का बाई! हेच मी समितीच्या मेळाव्याच्या भाषणात घातलं. मेळाव्याच्या आदल्या सांजेला घरात मोठ्यानं म्हणून बघितलं, "बंधू-भगिनींनो, आमच्यात बरोबरी हाय! आता ती घराघरात आली पाहिजे!" असा आवाज लागला म्हणता... बायको आमची, जगदेवी, सुपात तूर पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं अन् सगळं भाषण ऐकून घेतलं. मला काय ठाऊक ती मनावर घेईल म्हणून! भाषण कुणी मनावर घेतंय व्हय?

सकाळी न्हाणीत गेलो, रोजच्यासारखा हुकूम सोडला, "जगदेवी, पाणी!" तर बाहेरून काय यावं? "अवो, घागर दारात ठेवलीया."

म्हणलं, आण की मग आत! तर म्हणती, "रिकामी हाय. टँकर कोपऱ्यावर आलाय. काल तुमी म्हणलाव न्हवं, घराघरात बरोबरी? मी रातभर इचार केला. जो पाणी आणंल त्याची आंघोळ आधी. त्याची पूजा आधी. तोच आधी जेवंल."

अगं, मला मेळाव्याला जायचंय! लोक वाट बघून राहिलेत! तर ती आपली सूप घेऊन बसली. मी आपलं आईकडं बघितलं. आमची अव्वा, कमलम्मा, तिच्यासमोर सून आजवर मोठ्यानं शिंकली न्हाई! म्हणलं अव्वा, हिला काही सांग. अव्वानं पदर नीट केला अन् म्हणाली, "महादेवा, जा, नंबर निघून जाईल."

मेळाव्याला जायचं परीटघडीचं धोतर, टोपी, अन् खांद्यावर घागर. अशी वरात निघाली माझी! इज्जतीचा पार कचरा! ही शरणम्मा तवा बी पुढंच होती. "अप्पा, वाट चुकला का वो? दुकान तिकडं हाय!" म्हणलं बाई, जरा पुढं जाऊ दे, मी अध्यक्ष हाय. तर म्हणती, "नंबरात अध्यक्ष नसतो, मागं व्हा." मागं झालो! घागर भरली, अन् मला वाटलं ह्या बाया चालतात तसंच चालायचं, त्यात काय? डोक्यावर घेतली. तर कापडाची चुंबळ पाहिजे असती म्हणं खाली! कुणी सांगितलं व्हय मला? अर्धी घागर लातूरच्या रस्त्याला पाजली, थोडी धोतराला, अन् उरली ती घेऊन घरी आलो, शहरातनं मिरवत.

पण आणली ना? आणली! म्हणलं सरा बाजूला, जो आणंल त्याची आंघोळ आधी, तुझाच नेम! जगदेवीनं घागर उतरून घेतली. अव्वा बोलली. "तुझा नंबर मागं हाय. तिनं काल बी आणलं, परवा बी आणलं, त्याच्या आंघोळी तिच्या राहिल्यात अजून."

म्हणलं, राहिल्यात म्हणजे? काल तर तुमा दोघींचा उपास होता! निर्जळी! परवा बी होता!

अव्वा म्हणाली, "कसला उपास रं! तुझ्या आंघोळीत पाणी सरलं, की आमचा निर्जळी."

आता तुमीच सांगा! हे मला कुणी सांगायला नको? आंघोळ न्हाई म्हणून पूजा न्हाई, पूजा न्हाई म्हणून जेवण न्हाई, अन् मी आपला गंजात छाती फुगवून सांगून राहिलोय, आमच्या घरातल्या बाया लई धार्मिक, हप्त्यात निम्मे दिवस उपास! लोक बी म्हणायचे, "नशीबवान हाव महादेवप्पा!" मग ती घागर मीच न्हाणीत नेऊन ठेवली, खरं सांगतो. भांडायला पोटात काही नव्हतंच!

आधी थोरली म्हणून अव्वाची आंघोळ, मग जगदेवीची. घागर संपली. दोघींनी तळहातावर लिंग घेऊन निवांत पूजा केली, इभूत लावली, अन् बसल्या की पाटावर! ज्वारीची भाकरी, वरण, शेंगाची चटणी. मी दारात ओलं धोतर धरून उभा. लग्नाला इतकी वर्षं झाली, जगदेवीला जेवताना मी पयल्यांदा बघितलं. चटणीला बोट लावून चाटती ती, लहान पोरीसारखी. मला ठाऊकच नव्हतं.

मग तसाच गेलो मेळाव्याला! बिनआंघोळीचा, बिनपूजेचा, कपाळाला नुसती इभूत फासलेली. स्टेजवर सगळे बापे. पुढच्या खुर्च्यांवर बापे. बाया मागं सतरंजीवर, त्यातल्या बी निम्म्या टँकरला गेलेल्या. अन् पुढच्या रांगेत मधोमध खुर्ची ओढून कोण बसलं असंल? आमची जगदेवी! पोटभर जेवलेली, पदर खोचलेला, टक लावून माझ्याकडं. भाषणात ते "घराघरात" आलं, अन् माझा आवाजच बसला हो!

भाषण कसंबसं संपलं. तर गुरुबसप्पा गरम भजी अन् चहा घेऊन हजर. काय वास सुटला होता म्हणता! "घ्या अध्यक्ष!" आता चारचौघात काय सांगू, पूजा झाली न्हाई म्हणून? गुरुबसप्पा बी आमच्यातलाच, गावभर करंल! तोंडातून निघून गेलं, उपास हाय.

"मग चहा घ्या की, उपासाला चालतो. केळं मागवू का?"

म्हणलं, नको... निर्जळी हाय.

"निर्जळी? अन् बुधवारी?"

मी जगदेवीकडं बघितलं. ती शांतपणे उठली, माझ्या पुढ्यातल्या बशीतलं एक भजं उचललं अन् म्हणाली, "असतो अण्णा, बुधवारचा बी असतो. आजवर आम्हीच धरत होतो, आजपासून ह्यांनी बी धरलाय. आमच्यात बरोबरी हाय!"

तवापासून बघा, टँकरचा भोंगा वाजायच्या आधी मी हितं. चुंबळ बी स्वतःची हाय आता, ही बघा. घागर खांद्यावरनं डोक्यावर जाईल हळूहळू... अगं शरणम्मा, ढकलू नको! आला टँकर, सरा, मला पुढं होऊ द्या. बरोबरीचं जमंल हो एकवेळ, पण उपास आपल्याला झेपत न्हाई.