चौदा नारळ

नारळ : नऊ

जमील : ...आणि हे किती दिवस चालवायचं, तेवढं सांग.

उत्तम : हळू बोल, मिस्त्री. वत्सला आत हाय.

जमील : आत मिक्सर चालू आहे. तुझ्या गावानं दिलेल्या नारळांतला पाचवा वाटतायत भाभी आणि माझी बायको. नाशकात दोन दिवस थांबतो म्हणालास. आज अकरावा.

उत्तम : जड झालो का तुला?

जमील : डोकं फिरलंय तुझं. अकरा वर्षं बार्शी-नाशिक एसटी घेऊन येत होतास. मुक्कामाला एक दिवस तरी डेपोत झोपलास का? इथंच झोपलास. अजून अकरा वर्षं राहा. पण मला खोटं बोलायला लावू नको, यार. भाभी रोज सकाळी विचारतात, जमीलभाऊ, गाडीचा स्टार्टर आला का? मी म्हणतो, राजकोटहून निघालाय. आणि स्टार्टर माझ्या पलंगाखाली, पिशवीत. माझ्याच हातानं खोललेला. तुझ्या सांगण्यावरून.

उत्तम : अजून चार दिवस.

जमील : चार दिवसांत नवे डोळे येणार आहेत? डॉक्टरबाई बोलल्या तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होतो. काचबिंदू. गेली ती नजर गेली.

उत्तम : समोरचं चक्क दिसतं मला. तुझ्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय.

जमील : आणि हा हात?

उत्तम : कुठला?

जमील : हाच. तुझ्या कानाजवळ धरलाय मघापासून.

उत्तम : ...थेंब टाकतोय की मी.

जमील : थेंबांनी उरलीय तेवढी टिकेल. गाडी बंद, असं म्हणाल्या त्या. स्पष्ट.

उत्तम : एकतीस वर्षं, मिस्त्री. एक ओरखडा नाही. बिल्ला दिलाय मला, विना अपघात सेवेचा. आन् एकतीस वर्षं त्या बाईला एकच सांगत आलो, रिटायर झालो की तुला पुढच्या सीटवर बसवतो, काश्मीर दाखवतो. जेजुरीच्या पुढं काय बघितलं नाही तिनं. तू शाळेची भंगार मिनीबस घेतलीस, पलंग बसवलास, शेगडी बसवलीस, पाण्याची टाकी बसवलीस. गावानं वेशीत मांडव घातला. चौदा जणांनी सत्कार केला. चौदा शाली, चौदा नारळ. आठ महिने भारत फिरायला निघालेला माणूस नाशकातनं परत गेला, असं सांगू?

जमील : गावाचं सोड. भाभींना सांग.

उत्तम : तिला तर अजिबात नाही. येताना तू बघायला पाहिजे होतंस तिला. संगमनेरपासनं जे बोलाय लागली, तोंड मिटलं नाही. हे बघा, ते बघा. लहान पोरीगत. घरात दिवसाला चार शब्द बोलणारी बाई. तिला काय म्हणू? उतर खाली?

नारळ : सहा

वत्सला : सरपंचांनी ग्रुपवर विचारलंय, इंदूर आलं का.

उत्तम : आलं म्हण.

वत्सला : फोटो टाका म्हणतायत.

उत्तम : रेंज नाही म्हण.

वत्सला : रेंज नाही, हे कशावरनं पाठवू?

उत्तम : मग राहू दे.

वत्सला : मेहरुन्निसाभाभी म्हणतात, वणीला जाऊन येऊ. देवीपण होईल आन् गडाचा फोटोपण. डोंगर दिसला म्हणजे झालं. गावाला काय कळतंय कुठला ते.

उत्तम : कशानं जायचं?

वत्सला : एसटीनं. इथनं थेट गाडी हाय.

उत्तम : मी? मागं बसून?

वत्सला : बसत्यात की माणसं.

उत्तम : मला न्हाई जमायचं. पाय आपोआप ब्रेक मारतो माझा. आन् रविवारी निघायचंयच आपल्याला.

वत्सला : बरं.

उत्तम : स्टार्टर आला की निघायचं.

वत्सला : बरं. मी विचारते जमीलभाऊंना सकाळी.

उत्तम : आन् सगळे नारळ संपवू नका. एक राखून ठेव, शेंडी काढू नको त्याची. चाकापुढं शेंडीचाच फोडायचा असतो. त्याशिवाय लांबच्या पल्ल्याला मी गाडी हलवत नाही, माहितीय ना तुला.

वत्सला : माहितीय.

नारळ : चौदा. सगळे. अजून नाशिक यायचंय.

वत्सला : अहो, मेंढरं... मेंढरं बघा.

उत्तम : कुठं... हां. हां, बघितली. कुठनं आली एकदम?

वत्सला : डाव्या अंगानं येत होती. लांबनं.

उत्तम : खोल गेली होती का जमीन तिथं?

वत्सला : असंल.

उत्तम : घाबरलीस?

वत्सला : नाही. कसली गोड कोकरं होती. आन् ती पोरगी बघा, सायकलवरची. पिवळा फ्रॉक. ही डावीकडं, अगदी आपल्याला चिकटून चाललीय.

उत्तम : ...हं.

वत्सला : लांबनं घ्या ना जरा. मला नीट बघू द्या तिला.

उत्तम : घेतली लांबनं. दिसली?

वत्सला : दिसली. आता मागं गेली. उजवीकडनं ट्रक येतोय, बघा, काय रंगवलाय. मोर काढलेत दारावर. आन् पुढं डाव्या हाताला उसाची बैलगाडी.

उत्तम : लय बोलतीयस आज.

वत्सला : पहिल्यांदाच निघालीय ना.

उत्तम : बोल, बोल. बरं वाटतंय.

वत्सला : नाशिक किती राहिलं?

उत्तम : आता नांदूर-शिंगोटे येईल. मग सिन्नर. दमलीस?

वत्सला : छे. एक कुत्रं हाय बघा डावीकडं. बसलंय. उठलं. उठलं ते.

नारळ : तीन

मेहरुन्निसा : ताई, मला आता पोटात ठेवता येत नाही. राजकोटहून काही येणार नाही. स्टार्टर आमच्याच पलंगाखाली होता.

वत्सला : पिशवीत.

मेहरुन्निसा : तुम्हाला माहीत आहे?

वत्सला : पिशवी माझीच हाय. हळदीचा डाग पडलेली. झाडताना दिसली.

मेहरुन्निसा : मग रोज सकाळी यांना विचारता ते?

वत्सला : विचारायचं बंद केलं तर ह्यांना कळंल, मला कळलंय म्हणून.

मेहरुन्निसा : आणि डोळ्यांचं?

वत्सला : ते तर पलंगाखाली न्हवतं, भाभी. माझ्या शेजारीच होतं. संगमनेर सोडलं आन् मेंढरं आली. काचेपुढं आली तेव्हा ह्यांना दिसली. मग मी बोलतच राहिले. इथं पोचेपर्यंत.

मेहरुन्निसा : तुमचा घसा बसला होता त्या दिवशी. म्हणालात, गार पाणी प्यायले.

वत्सला : हो.

मेहरुन्निसा : मी असते तर ओरडले असते. गाडी थांबव म्हणाले असते.

वत्सला : एकतीस वर्षं ह्यांच्या भरवशावर माणसं गाडीत झोपली. पोरं मांडीवर घेऊन झोपली. मीच एकटी ओरडू?

मेहरुन्निसा : मग इथं तरी सांगा. घरात बसलोय आपण, रस्त्यावर नाही.

वत्सला : त्यांनी सांगू दे. एकदा म्हणू दे, वत्सला, असं असं झालंय. मी पुढचं ऐकायच्या आत म्हणंन, चला घरी. तीन आठवडे झाले, वाट बघतीय.

मेहरुन्निसा : वाट कसली बघताय. पिशवी आज जागेवर नाही. यांनी बसवायला नकार दिला, म्हणून सकाळी गाडीखाली झोपून उत्तमभाऊंनी स्वतःच बसवला स्टार्टर. शुक्रवारी उजाडताच निघणार म्हणतायत.

वत्सला : शुक्रवारी म्हणजे उद्या.

मेहरुन्निसा : उद्या.

वत्सला : काश्मीर कसं असतंय हो, भाभी?

मेहरुन्निसा : मी कुठं बघितलंय. मालेगावहून लग्न होऊन नाशकात आले, बस.

वत्सला : नारळ किती राहिले?

मेहरुन्निसा : तीन. दोनांची बर्फी करते. तिसरा चाकासाठी ना?

वत्सला : तो द्या माझ्याकडं.

नारळ : एक

(शुक्रवार, नुकतं उजाडलेलं. गाडीचं इंजिन चालू आहे.)

जमील : चाकापुढं आडवा पडू का?

उत्तम : पड. समोर असलास तर दिसशील.

जमील : मस्करी नाही करत मी, उत्तम.

उत्तम : मीपण न्हाई. हळू जाईन. दिवसाच जाईन. धुळ्यापर्यंत सरळ रस्ता हाय, डोळे झाकून चालवलाय मी तो.

जमील : आता तसाच चालवशील.

उत्तम : ...वत्सला, नारळ आण गं.

वत्सला : हा घ्या.

उत्तम : हा? ह्याची शेंडी कुठं हाय?

वत्सला : काढली.

उत्तम : कुणी?

वत्सला : मी. काल.

उत्तम : सांगितलं होतं तुला. बोडका चालत नाही म्हणून.

वत्सला : शेंडीचाच लागतो म्हणून सांगितलं होतं.

उत्तम : मग दुसरा दे.

वत्सला : संपले. चौदाच होते.

उत्तम : बरं. समोर दुकान उघडलंय. दुसरा घेऊन येतो.

जमील : मी आणतो. तू थांब.

उत्तम : माझ्या गाडीचा नारळ मी आणंन. बाजूला हो. रस्ताच तर ओलांडायचाय.

वत्सला : अहो.

उत्तम : काय?

वत्सला : तिथंच उभं राहा जरा. डावीकडनं एक सायकल येतीय. लाल हाय. दुधाचे कॅन लावलेत दोन्ही बाजूंना. अगदी कडेकडेनं येतीय. बघा, किती छान. दिसली?

उत्तम : ...गेली का?